ओठातून लाळग्रंथीची बायोप्सी: रत्नागिरीतल्या दवाखान्याचा अनुभव

भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही आणि त्यात डॉक्टरांनी बायोप्सी सांगितलीय, अशा बायकांसाठी हे मुद्दाम लिहितेय. बायोप्सी म्हटलं की आमच्या पावसमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांपुढे कॅन्सरच येतो. माझी जाऊ तर रडायलाच लागली. पण माझी तपासणी त्यासाठी नव्हती. कोल्हापूरच्या संधिवाताच्या डॉक्टरांना शोग्रेनचा संशय होता. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. रक्तातली अँटी-रो (या आजारात सापडणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणी) निगेटिव्ह आली, म्हणून ग्रंथीच बघायची ठरली.

रत्नागिरीतल्या मुखशल्यचिकित्सकांनी आधी हातात आरसा दिला. खालचा ओठ उलटून आतले तांदळाच्या कण्यांसारखे दाणे दाखवले. जीभ फिरवली की लागतात, त्याच छोट्या लाळग्रंथी. कानाजवळची मोठी ग्रंथी का नको, हे मी विचारलं. तिच्यातून चेहरा हलवणारी नस जाते, ओठातलं काम त्यापेक्षा सोपं आणि कमी धोक्याचं, असं त्यांनी समजावलं. ओठ बधिर होऊ शकतो, बहुतेकांचा बरा होतो, क्वचित एखाद्याचा राहतो, हे सहीच्या आधी सांगितलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, तेही विचारलं. मला हे फार मोलाचं वाटलं.

भुलीचं इंजेक्शन चांगलंच झोंबतं. नंतर नुसती ओढाताण कळते. सेंटिमीटरभर छेद, पाच-सहा दाणे काढून फॉर्मेलिनच्या बाटलीत, वर टाके. घरी गार पेज आणि दहीभात. तिखट बंद, सोलकढीसुद्धा बंद, कारण आंबट लागलं की जखम चुरचुरते. ओठाचा कोपरा काही आठवडे बधिर होता, आता जाणीव परत आलीय.

तपासणी कुठे होणार, हे मात्र आवर्जून विचारा. नुसतं 'सूज आहे' लिहिलेला रिपोर्ट अशा वेळी पुरत नाही. 50 किंवा जास्त लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) यांचा पुंजका म्हणजे एक फोकस, आणि 4 चौरस मिलिमीटरमध्ये असे किती, ते मोजून द्यावं लागतं. हा आकडा, म्हणजे फोकस स्कोअर, 1 किंवा अधिक आला तर 2016 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत 3 गुण मिळतात, आणि एकूण 4 लागतात. इथल्या डॉक्टरांनी नमुना कोल्हापूरला, हे मोजणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडेच पाठवला. माझा स्कोअर 2 आला, म्हणजे 3 गुण मिळाले. डोळ्यांच्या कागदी पट्टीच्या चाचणीचा 1 गुण आधीच होता. किती वर्षं 'वयामुळे होतं' ऐकत होते, त्याला अखेर नाव मिळालं आणि औषध सुरू झालं.

कापण्याचे आणि तपासणीचे पैसे वेगवेगळे लागतात, पण दोन्ही आधीच सांगतात. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. या आजारात सांधेही दुखतात, त्यामुळे जिना चढताना माझे हाल झाले. फोन करून सांगितलं तर खालच्या खोलीत तपासतात, हे मला निघताना कळलं. तुम्ही आधीच सांगा.