‘तुमच्या खोलीतच दोष आहे’ म्हणत साडेनव्याण्णव हजारांना गंडवलं

घरी गाणं ऐकायला स्पीकर घ्यायचा विचार असेल, तर त्याआधी हे वाचा. माझे पैसे गेले ते गेलेच, पण बाबांचं ऐकणं चार महिने बंद पडलं, त्याचा मला जास्त त्रास झाला.

बाबा ७८ वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे मैफिलीला जाणं थांबलं आहे. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, निवृत्तीबुवा सरनाईक रोज सकाळी लागायचेच. जुना सेट बिघडला तेव्हा ठरवलं, त्यांच्यासाठी या वेळी चांगलं काहीतरी आणायचं. आमचा फ्लॅट डोंबिवलीत, बाबांची खोली दहा बाय दहा, उंची साडेनऊ फूट.

दुकानातली ऐकण्याची खोली आमच्या हॉलच्या दुप्पट होती. खाली जाड गालिचा, मागे पुस्तकांनी भरलेली भिंत. विक्रेत्याने आधी एक लहान जोडी लावली, मग कमरेएवढे उंच टॉवर. टॉवर लावताना त्याचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला होता, हे मला नंतर आठवलं. दोन स्पीकर ऐकताना एकाचा आवाज जरासा जरी मोठा असला, तरी कानाला तोच जास्त भरीव आणि स्वच्छ वाटतो. गाणंही त्यानेच निवडलेलं होतं, बासरी आणि सिंथेसायझरचं. मी बाबांची एकही सीडी नेली नव्हती. टॉवर उचलून बघितला, चांगला जड लागला. ६२,००० रुपये. "कच्च्या बिलावर घ्या, जीएसटी वाचेल," असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली.

घरी पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले, "डग्गा पिंपात वाजतोय रे."

मी दुकानात फोन केला. दोन दिवसांत एक माणूस ‘मोफत रूम तपासणी’ला आला. खोलीच्या मध्ये उभं राहून त्याने टाळी वाजवली, मोबाईलवर लाल रेघांचा आलेख दाखवला आणि म्हणाला, "साहेब, स्पीकर एक नंबर आहे. तुमच्या खोलीतच दोष आहे." मी फसलो तो याच वाक्याला, कारण त्यात तथ्य होतं. आमच्या खोलीत दोष आहेच. फक्त त्याने जे विकलं, त्याचा त्या दोषाशी संबंध नव्हता.

दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. या भिंतीवरून त्या भिंतीवर आणि परत, असा ६.१ मीटरचा फेरा धरला तर ५६ हर्ट्झच्या (सेकंदाला ५६ कंपनांच्या) आसपासचा सूर अशा खोलीत स्वतःवरच चढत जातो. लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे दोन्ही बाजूंनी तोच सूर उठतो. साडेनऊ फूट उंचीचा ५९ ला येतो, आणि चारही भिंती मिळून आणखी एक ८० च्या आसपास. डग्ग्याचा घुमारा याच मुलखातला. मी नंतर ५६ हर्ट्झचा नुसता सूर लावून खोलीत फिरलो. भिंतीशी, जिथे बाबांची कॉट होती, तिथे छातीवर दाब आल्यासारखं होत होतं. दोन पावलं चालून मधोमध उभा राहिलो तर सूर जवळजवळ गायब. स्पीकर तोच, आवाज तेवढाच. टाळीत एवढ्या खालचं जवळपास काही नसतंच, म्हणजे त्या आलेखाने खोलीचा खरा आजार पाहिलाच नव्हता.

त्याने भिंतींवर फोमचे २५ मिलिमीटर जाडीचे चौकोन चिकटवले, कोपऱ्यांत फोमचेच त्रिकोणी ठोकळे आणि वर ९,००० रुपयांची केबल. फोम आणि मजुरी २८,५०० रुपये. एवढा पातळ फोम साधारण हजार हर्ट्झच्या वरचे आवाज शोषतो. ५६ हर्ट्झच्या लाटेची लांबी सहा मीटर, तिला हा फोम जाणवतही नाही. म्हणून झालं ते उलटंच. घुमणारा डग्गा तसाच राहिला, आणि तंबोऱ्याची जवारी मेली. तारेखाली दोरा सरकवून जो झंकार उभा करतात, तो सगळा वरच्या सुरांचा असतो. फोमने नेमका तोच खाल्ला.

बाबांनी विचारलं, "यात तंबोरा नाहीये का?" ते ध्वनिमुद्रण त्यांच्या तोंडपाठ होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सेट लावायला सांगणंच सोडलं.

फोम आवाज बाहेर जाणंही थांबवत नाही. शेजारच्या काकूंना पूर्वीइतकंच ऐकू येत होतं. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. अमेरिकेत वेस्ट वॉरविकच्या नाइटक्लबमध्ये २००३ साली भिंतीवरच्या अशाच फोमने पेट घेतला आणि १०० माणसं गेली. मी तो वडिलांच्या उशाशी लावून घेतला होता. हे कळलं त्या रात्रीच सगळा उपटून काढला. भिंतीचा रंगही सोबत आला.

स्पीकरचा संशय त्यानंतर आला. टॉवरवर तीन गोल दिसतात. वर्तमानपत्राची सुरळी करून एकेकापाशी कान लावला. खालून डग्गा, वरून ‘स’ आणि ‘श’. मधून, जिथून गायकाचा गळा यायला हवा, काहीच नाही. आठ स्क्रू काढले. मधल्या स्पीकरला मागे लोहचुंबक होता, पितळी टोकंही होती, पण त्यांना वायर नव्हती. वायर जोडायला डाग (सोल्डर) दिल्याची खूणसुद्धा नाही. वरच्याला एक कपॅसिटर लावलेला. वरचे-खालचे सूर वेगळे करून ज्याच्या त्याच्या स्पीकरला पाठवणारा भाग, क्रॉसओव्हर, म्हणजे तेवढाच. तळाशी फरशीचा तुकडा चिकटवलेला होता, वजनासाठी.

दुकानदार म्हणाला, "तो पॅसिव्ह असतो साहेब." पॅसिव्ह रेडिएटर, म्हणजे वायरशिवाय डब्यातल्या हवेनेच हलणारा पडदा, हा प्रकार खरंच असतो, पण तो खालच्या सुरांसाठी, आणि त्याला चुंबक लागत नाही. हे सांगितल्यावर त्याने फोन घेणं बंद केलं.

आता त्या खोलीत पाच इंची वूफरची (खालचे सूर काढणाऱ्या स्पीकरची) एक लहान जुनी जोडी आहे, ओळखीच्या माणसाकडून घेतलेली. घेण्याआधी घरी आणून, बाबांच्याच सीडीवर, दोन दिवस ऐकली. साधी तांब्याची वायर आहे. एसीच्या डक्टचं काम करणाऱ्याकडून ४८ घनतेची (घनमीटरला ४८ किलो) ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची लोकर, आणली, चार इंच जाड थर कापडात नीट शिवून दोन कोपऱ्यांत उभा केला. पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला नेलं. सगळ्यात जास्त फरक मात्र फुकटात पडला. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढले आणि बाबांची खुर्ची मागच्या भिंतीपासून साडेतीन फूट पुढे घेतली. ५६ चा घुमारा अजून थोडा आहे, एवढ्या खोलीत तो पूर्ण जाणार नाही. तंबोरा परत आला आहे.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पक्कं बिल नसल्यामुळे माझी बाजू लंगडी आहे. हातात आहे ते यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचे त्याचे मेसेज आणि उघडलेल्या डब्याचे फोटो. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे, त्याला दोन वर्षांची मुदत असते. तुमच्याकडेही तीन गोलांचे असे टॉवर आले असतील, तर आधी कागदाची सुरळी लावून मधला ऐका, आणि तो गप्प असेल तर स्क्रू काढण्याआधी व्हिडिओ सुरू करा. मी तो केला नव्हता.