लिबव्हर्टचे स्टोरेज पूल: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या दिवाळीत जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ (लिनक्स) टाकलं आणि केव्हीएमवर, म्हणजे लिनक्सच्या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीवर, पाच व्हीएम (आभासी संगणक) उभी केली. ही व्हीएम सांभाळायला लिबव्हर्ट वापरतो; त्यांच्या डिस्क ठेवायच्या जागेला ते 'पूल' म्हणतं. पहिले तीन महिने सगळ्यांच्या डिस्क लिबव्हर्टच्या आयत्या 'डिफॉल्ट' पूलमध्येच होत्या. हा पूल म्हणजे रूट पार्टिशनवरचं एक साधं फोल्डर. चालत होतं, म्हणून हात लावला नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी घरच्या दुकानाच्या हिशेबाचं व्हीएम थांबलेलं दिसलं. व्हर्शमध्ये (लिबव्हर्टची कमांड-लाइन) स्थिती 'पॉज्ड'. आत काहीच बिघडलं नव्हतं, होस्टची, म्हणजे मूळ मशीनची, डिस्क भरली होती. व्हीएमची डिस्क म्हणजे इथे होस्टवरची एक क्यूकाउ२ प्रकारची फाइल; ती ६० जीबीची बनवली तरी सुरुवातीला नावापुरतीच जागा घेते आणि आत लिहिलं जाईल तशी वाढत जाते. मी पाच व्हीएमना मिळून ३०० जीबी कबूल केले होते आणि डिस्क होती २४० ची. अशा वेळी क्यूईएमयू (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) व्हीएमला चूक न कळवता थांबवून ठेवतं, आणि हे मला फार आवडलं. जुने आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या फाइली) काढून जागा केली, 'रिझ्यूम' दिलं, आणि काम होतं तिथून पुढे सुरू झालं. एकही नोंद गेली नाही.

त्या रविवारी बसून दोन वेगळे पूल केले. हिशेब आणि फोटो या दोन व्हीएमसाठी एसएसडीवर एलव्हीएमचा (डिस्कची जागा भाग पाडून देणारी लिनक्सची सोय), म्हणजे 'लॉजिकल' प्रकारचा पूल. यात प्रत्येक डिस्कची जागा पहिल्याच दिवशी बाजूला काढली जाते. शेजारच्या व्हीएमने कितीही खाल्लं तरी हिशेबाच्या वाट्याला धक्का नाही. त्या दिवसापासून त्या दोघांची काळजी संपली. जागा वाढवणंही सोपं: एलव्हीएक्स्टेंड, मग व्हर्शचं ब्लॉकरिसाइझ, मग आत पार्टिशन आणि फाइलसिस्टम. व्हीएम बंद करावं लागलं नाही. तोटा एकच, पण मोठा. या रॉ (क्यूकाउ२ नसलेल्या) डिस्कवर व्हर्शचा अंतर्गत स्नॅपशॉट, म्हणजे परत मागे जाता येईल अशी त्या क्षणाची नोंद, निघत नाही. अपग्रेडच्या आधी घाईने स्नॅपशॉट घ्यायची सवय असेल, तर हे खटकेल.

उरलेली तीन प्रयोगाची व्हीएम १ टीबीच्या हार्डडिस्कवर, क्यूकाउ२ मध्येच ठेवली. इथे एक गोष्ट उशिरा समजली. व्हीएमच्या आत फाइली पुसल्या तरी होस्टवरची फाइल लहान होत नाही. डिस्कच्या एक्सएमएलमध्ये (लिबव्हर्टची सेटिंग) डिस्कार्डला 'अनमॅप' द्यायचं आणि आत एफएसट्रिम (मोकळी जागा खाली कळवणारी कमांड) चालवायचं, तेव्हा कुठे जागा परत मिळते. आता दर आठवड्याला टायमरवर चालतं.

ही हार्डडिस्क मी आधी एफएसटॅबमधून (बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी) 'नोफेल' लावून, म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडू नये असं सांगून, माउंट करत होतो. मे महिन्यात वीज गेली, परत आल्यावर डिस्क माउंट झालीच नाही. पूल मात्र रिकाम्या फोल्डरवर मुकाट्याने सुरू झाला आणि घाईत बनवलेलं नवं व्हीएम रूट डिस्कवर जाऊन बसलं. म्हणून पूलचा प्रकार 'डिर' (साधं फोल्डर) वरून 'एफएस' (फाइलसिस्टम) केला आणि डिस्क यूयूआयडीने, म्हणजे तिच्या ठरावीक ओळखक्रमांकाने, दिली. आता माउंट लिबव्हर्टच करतं. डिस्क नसेल तर पूल सुरूच होत नाही, आणि मला तेच हवंय.

कमांडच्या नावांबद्दल नव्या माणसाला कळकळीने सांगतो. 'पूल-डिस्ट्रॉय' ऐकून छातीत धस्स होतं, पण ती पूल फक्त बंद करते, डेटा जागेवर राहतो. 'पूल-अनडिफाइन' फक्त नोंद काढते. खरी घातक 'पूल-डिलीट'. एलव्हीएमच्या पूलवर ती दिली तर अख्खा व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे त्या पूलमधल्या सगळ्या डिस्क, जातो. मी ती आजवर एकदाही वापरलेली नाही.

बारीकसारीक: नवा पूल बनवल्यावर 'ऑटोस्टार्ट' लावायचं विसरू नका. फाइल हाताने कॉपी केली तर 'पूल-रिफ्रेश' दिल्याशिवाय यादीत दिसत नाही. आणि 'व्हॉल-लिस्ट' ला 'डिटेल्स' जोडलं की कबूल केलेली जागा आणि खरी वापरलेली जागा शेजारी-शेजारी दिसतात. हे दोन आकडे मी महिन्यातून एकदा वहीत उतरवतो. जुलैअखेर हार्डडिस्कवर ४०० जीबी कबूल आहेत, वापरात १३०.