इम्युनिटी बूस्टर पावडर, २५० ग्रॅम: चव छान, पण आमवातवाल्यांनी जपून

पाचपैकी दोन तारे. एक चवीचा, एक पार्सल वेळेवर आल्याचा. ब्रँडचं नाव लिहीत नाही, अशा डब्यांनी बाजार भरलाय.

६४९ रुपयांचा हा डबा जाऊबाईंनी माझ्यासाठी मागवला, कारण जाहिरातीत ‘सांधेदुखीवर गुणकारी’ असं होतं. झाकण इतकं घट्ट की कडेला नखही शिरत नाही. मला आमवात, सकाळी मूठ वळत नाही. चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं, तर आत चंदेरी सील. ते दातांनी फाडलं. सांधेदुखीवाल्यांना माल विकताय ना? मग डबा तरी त्यांना उघडता येईल असा द्या!

चमचाभर चाखली. सुंठ-वेलदोड्याचा वास मस्त, दुधात गुठळ्या होत नाहीत. मुलगा आवडीने पितो.

आता लेबल. ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवते.’ अहो, आमवातात ती कमी पडलेली नसतेच, ती आपल्याच सांध्यांवर उलटलेली असते. टी पेशी म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी; त्यांतल्याच रेग्युलेटरी टी पेशी तिला आवरायला असतात. जपानच्या शिमोन साकागुचींनी १९९५ मध्ये उंदरांवर दाखवलं, की या पेशी वगळून बाकीच्या टी पेशी दिल्या तर थायरॉइड, जठर अशा अवयवांवर हल्ला सुरू होतो, आणि वगळलेल्या परत दिल्या की टळतो. या पेशींना लागणारा फॉक्सपी३ जनुक २००१ मध्ये शोधणाऱ्या मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत साकागुचींना २०२५ चं नोबेल मिळालं.

मग माझ्या गुडघ्यात या पेशी नाहीत का? डॉक्टर म्हणाले, सुजलेल्या सांध्याच्या पाण्यातही त्या सापडतात. पण टीएनएफ, आयएल-६ अशा सूज वाढवणाऱ्या रसायनांचा तिथे इतका गोंधळ असतो की त्यांचं काही चालत नाही. वर्गात मॉनिटर आहे, पण पोरं ऐकत नाहीत, तसं.

तेव्हा ही पावडर नेमकं कोणाला वाढवते, हल्ला करणाऱ्यांना की आवरणाऱ्यांना? कस्टमर केअरला विचारलं. मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, टोटल इम्युनिटी वाढते, सगळ्यांना सूट होतं.”

घटकांत गुळवेलही आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद आहे. पण मी आमवातासाठी आठवड्याला मेथोट्रेक्सेट हे औषध घेते, त्यासाठी यकृताची तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते. त्यात ही भर कशाला? आमवात, ल्युपस, सोरायसिस असा प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटण्याचा आजार असेल तर आधी डबा डॉक्टरांपुढे ठेवा. लेबलवर याबद्दल एक ओळ नाही, म्हणून तीन तारे कापले.

कंपनी परत घेत नाही, सील फाटलंय म्हणे. जाऊबाईंना अजून सांगितलेलं नाही.