राज्यसभा सदस्यांची यादी: संसदेच्या संकेतस्थळावरची सोय कितपत कामाची?

'सन्सद डॉट इन'वर राज्यसभा विभाग उघडा आणि सदस्यांच्या यादीत राज्य निवडा. महाराष्ट्राच्या जागा 19, गोव्याची एक. नावं कमी दिसली तर यादी चुकली असं समजू नका. एखादी जागा रिक्त असू शकते. एकूण 245 जागांचंही तसंच: 233 निवडून आलेले, 12 राष्ट्रपतिनियुक्त.

खरी गफलत मुदतीच्या रकान्यात होते. कार्यकाळ 6 वर्षांचा, पण पोटनिवडणुकीतून आलेल्याला फक्त उरलेली मुदत मिळते. म्हणून निवडीच्या तारखेत 6 मिळवू नका, निवृत्तीची तारीख पाहा. आणि 'राज्य' म्हणजे राहण्याचं ठिकाण नव्हे, उमेदवार त्याच राज्याचा रहिवासी हवा ही अट 2003 पासून गेलीच आहे (उमेदवारांची मोठीच सोय झाली!).

निवडून यायला किती मतं लागतात, हे मात्र यादीवरून कळत नाही. महाराष्ट्रात एका वेळी 6 जागा भरायच्या असतील आणि 288 आमदारांची मतं वैध ठरली, तर प्रत्येक मताचं मूल्य 100 धरून 28,800 भागिले 7 (जागांपेक्षा एक जास्त), अपूर्णांक सोडून अधिक 1, म्हणजे कोटा (निवडून यायला लागणारं किमान मतमूल्य) 4,115. साधारण पहिल्या पसंतीची 42 मतं. हे गणित यादीशेजारीच द्यायला हवं.