लिनक्सवर यूएसबी वायफाय डोंगल: अख्खा पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगते, हा डोंगल (यूएसबीत खोचला की मशीनला वायफाय देणारा तुकडा) आज माझ्या दुकानात बिनतक्रार चालतोय आणि तरीही मी त्याला पूर्ण मार्क देणार नाही. कारण मशीनला लावल्याबरोबर हा पठ्ठ्या आपण सीडी ड्राइव्ह असल्याचं सांगतो. वायफाय नाही, सीडी. त्यात विंडोजचा ड्रायव्हर आणि एक सेटअप फाइल. आपल्याकडे विंडोजच नाही, लिनक्स आहे, तर त्या सीडीचं करायचं काय? लोक स्पीडबद्दल लिहितात, रेंजबद्दल लिहितात. या सीडीबद्दल कोणी पोटतिडकीने लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय.

माझं गोव्यात साखळी गावच्या बाजारात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली, राउटरमधून येणाऱ्या लॅन वायरीतून झटका आत आला आणि डेस्कटॉपचा लॅन पोर्ट गेला. बाकी मशीन ठणठणीत. रिपेअरवाला म्हणाला, मदरबोर्ड बदला. एका पोर्टसाठी मदरबोर्ड? चारपाचशे रुपयांत यूएसबी डोंगल मिळतो, तो घेतला. आत बसवायचं कार्ड जास्त चांगलं, हे मलाही ठाऊक आहे, पण त्याची किंमत दुप्पट-तिप्पट. शिवाय आता राउटर आणि मशीन यांच्यामध्ये वायरच नको होती. पुढच्या वळवाला पुन्हा तेच कोण सोसणार?

मशीनवर डेबियन १२ होतं, हा लिनक्सचाच एक प्रकार. स्पेक्स सगळ्यांना माहीत असतात, तरी खोक्यावरच्या ‘६००’ आकड्याबद्दल एक सांगून ठेवते. ५ गिगाहर्ट्झचे ४३३ आणि २.४ गिगाहर्ट्झचे १५० एमबीपीएस (वेगाचं माप) यांची बेरीज करून ती फुगवलेली असते. दोन्ही बँड एकदम कधीच वापरात नसतात, म्हणजे ६०० हा आकडा प्रत्यक्षात कुठेच नाही. आणि ते १५० सुद्धा ४० मेगाहर्ट्झची रुंद पट्टी मिळाली तर. बाजारात दर दुकानाचा राउटर ओरडत असतो, तिथे २० मेगाहर्ट्झच मिळते आणि लिंक ७२ वर अडकते. माझ्या कामाला तेवढं पुरतं. गोवा ऑनलाइनवर रहिवासी दाखल्याचा अर्ज टाकायला, पीडीएफ चढवायला काही ४३३ लागत नाहीत.

तर सीडी. डोंगल लावला, ‘एलएसयूएसबी’ कमांडने जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी पाहिली, आयडी (ओळखक्रमांक) आला ०बीडीए:१ए२बी. वायफायचं नावगाव नाही, स्क्रीनवर सीडीचं चित्र. फाइल मॅनेजरमधून ती सीडी इजेक्ट केली की दोनतीन सेकंदांनी तोच डोंगल नवा आयडी घेऊन परत येतो, ०बीडीए:सी८११. हा खरा. आत रिअलटेकची ८८११सीयू चिप आहे, हे तेव्हा कुठे कळतं. खोक्यावर चिपचं नाव शोधून दाखवा.

एकदाच इजेक्ट करायचं असतं तर मी गप्प बसले असते. पण साखळीत जून लागला की लाईट जाते, येते, पुन्हा जाते. माझा यूपीएस म्हातारा आहे. मशीन बंद पडून चालू झालं की डोंगल पुन्हा सीडी! समोर गिऱ्हाईक फॉर्म घेऊन उभं आणि मी सीडी बाहेर काढतेय. एका काकांनी विचारलंसुद्धा, तुमच्या मशीनला सीडीचा कप्पाच नाही, मग काढता काय? ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचं पॅकेज हेच काम आपोआप करतं. माझ्याकडे ते कधी करायचं, कधी नाही. शेवटी युडेव्हमध्ये (वस्तू जोडली की काय करायचं ते ठरवणारी लिनक्सची व्यवस्था) एका ओळीचा नियम टाकला, हा आयडी दिसला की मोडस्विच चालव, तेव्हा विषय मिटला. ही ओळ मला लिहावी लागली, याचा राग अजून आहे.

सीडी गेली तरी वायफाय लागलं नाहीच. डेबियन १२ ची कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६.१. या चिपच्या यूएसबी रूपाचा आधार कर्नलमध्ये आला ६.२ पासून, आरटीडब्ल्यू८८ ड्रायव्हरमधून. एका आकड्याने हुकलं. मग बाहेरून ड्रायव्हर उतरवून डीकेएमएसने (दर नव्या कर्नलसाठी बाहेरचा ड्रायव्हर पुन्हा घडवणारं साधन) बसवायचा. इंटरनेट आणायला इंटरनेट हवं, ते मोबाइलमधून घेतलं. फोन चार्जिंगच्या वायरीने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की लिनक्स त्याला काही न बसवता लॅनसारखं ओळखतं. हे ज्याला माहीत नाही त्याने आजच लक्षात ठेवावं, वायफाय बिघडलेल्या दिवशी दुसरं काही हाताशी नसतं.

दरम्यान कस्टमर केअरला फोन केला होता, कारण खोक्यावर विंडोज आणि मॅकच्या शेजारी लिनक्स असं स्वच्छ छापलंय. तिकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, ड्रायव्हर सीडीमध्ये आहे.” म्हटलं, तो विंडोजचा आहे. “मग मॅडम, विंडोज टाका.” पुढे ईमेलवर एक झिप फाइल आली. ती इतक्या जुन्या कर्नलसाठी होती की कंपाइल करताना (कोडमधून ड्रायव्हर घडवताना) पहिल्याच पानावर एररची रांग लागली. मी चिकटपणे तीन आठवडे ईमेल करत राहिले. शेवटी तिकीट ‘सोडवले’ म्हणून बंद झालं. कोणी सोडवलं, देव जाणे.

लोकांनी सांभाळलेला ड्रायव्हर मात्र गुमान बसला आणि जून छान गेला. आषाढात एका सकाळी वायफाय गायब. रात्री कर्नलचा सिक्युरिटी अपडेट आला होता. डीकेएमएसला नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा घडवायचा असतो, त्यासाठी त्याच कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर घडवायला लागणाऱ्या फाइली) लागतात आणि ते आलेच नव्हते. इंटरनेटवरचे बहुतेक धडे सांगतात, आत्ता चालू असलेल्या कर्नलचे हेडर्स बसवा. ते त्या दिवसापुरतं बरोबर, पण पुढच्या अपडेटला तुम्ही उघड्यावर. बसवायचं ते ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे मेटापॅकेज, म्हणजे दुसरी पॅकेजं ओढून आणणारं पॅकेज. मग प्रत्येक कर्नलबरोबर त्याचे हेडर्स आपसूक येतात. धडे लिहिणाऱ्यांनी ही एक ओळ घातली असती तर माझी अर्धी सकाळ आणि चार गिऱ्हाइकं वाचली असती. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर घेणारी सोय) चालू असेल तर आणखी एक पायरी आहे. सही नसलेला ड्रायव्हरचा मॉड्यूल कर्नल घेतच नाही, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ म्हणतो. तेव्हा ‘मोकयुटिल’ने आपली किल्ली नोंदवायची आणि रीबूटच्या निळ्या पडद्यावर होकार द्यायचा. माझ्या मशीनवर सिक्युअर बूट बंदच आहे, एवढा एक त्रास वाचला.

इथपर्यंतचा रिव्ह्यू मी तेव्हाच लिहून ठेवला होता आणि त्यात एकच स्टार दिला होता. तो आता बदलतेय.

९ ऑगस्टला डेबियन १३ आलं, कर्नल ६.१२. फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणारा माझा भाचा आधीपासून मागे लागला होता, “मावशी, बॅकपोर्ट्समधून नवी कर्नल घे.” बॅकपोर्ट्स म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी दिलेली नवी पॅकेजं. पण दुकानाच्या मशीनवर अर्धं जुनं, अर्धं नवं मला नको होतं. प्रिंटर बिघडला तर धंदा बसेल. अख्खं नवं व्हर्जन आलं म्हटल्यावर चवथीची (गणेशचतुर्थीची) गडबड ओसरू दिली आणि तो घरी होता तेव्हा अपग्रेड केलं. आधी डीकेएमएसचा ड्रायव्हर त्याच्याच अनइन्स्टॉल स्क्रिप्टने काढला. हे महत्त्वाचं आहे. तो बसताना कर्नलमधल्या ड्रायव्हरला ब्लॅकलिस्ट करणारी, म्हणजे लोड होऊ न देणारी, एक फाइल ‘मोडप्रोब.डी’ या जागी ठेवून जातो. नुसतं ड्रायव्हरचं फोल्डर उडवलं तर ती फाइल मागे राहते आणि दोन्हींपैकी एकही ड्रायव्हर लोड होत नाही. फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) ‘फर्मवेअर-रिअलटेक’ पॅकेजमध्ये मिळतं. पूर्वी डेबियनमध्ये यासाठी नॉन-फ्री (मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरचा) विभाग हाताने जोडावा लागायचा. डेबियनवाल्यांच्या २०२२ च्या मतदानानंतर १२ व्या आवृत्तीपासून इन्स्टॉलरच फर्मवेअर घेऊन येतो.

रीबूट केलं आणि वायफाय लागलेलं! ना कंपाइल, ना हेडर्स. त्यानंतर कर्नलचे अपडेट आले नि गेले, मला पत्ताही लागला नाही. कळलं ते हे, की डोंगल वाईट नव्हता, त्याचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर होता, एवढंच. हे ड्रायव्हर कर्नलमध्ये येतात ते काही लोक वर्षानुवर्षं चिकाटीने बसतात म्हणून. लॅरी फिंगर हे त्यातलं मोठं नाव, ब्रॉडकॉमपासून रिअलटेकपर्यंत कितीतरी वायफाय चिप लिनक्सवर चालतात त्यात त्यांचा हात. जून २०२४ मध्ये ते वारले. ज्यांचं जुनं लॅपटॉप आज वायफाय पकडतंय त्यातल्या किती जणांना हे नाव माहीत असेल?

बारीकसारीक दोनतीन गोष्टी. मशीन थोडा वेळ नुसतं पडलं की नेट सुस्तावायचं, पहिलं पान उघडायला वेळ लागायचा. नेटवर्क मॅनेजरमध्ये ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ची किंमत २ केली, तेव्हापासून तो त्रास गेला. २ म्हणजे वीजबचत बंद आणि ३ म्हणजे चालू. कोणी ठरवलं असेल ते असो. दुसरं, यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टात हार्ड डिस्क चालू असली की शेजारच्या डोंगलचं २.४ गिगाहर्ट्झ लंगडतं. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात पडतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय. मी घरातली जुनी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल लांब टांगला. फुकटात काम झालं. आणि राउटर घराच्या बाजूला असेल, मध्ये चिऱ्याची जाड भिंत असेल, तर ५ गिगाहर्ट्झ विसरा. आमच्याकडे सिग्नल दिसतो, लागतो, सुटतो. २.४ वर स्थिर वीस-पंचवीस एमबीपीएस मिळतात, मी खूश आहे.

इतकं समाधान झालं म्हणून दिवाळीनंतर घरच्या मशीनसाठी दुसरा मागवला. तोच ब्रँड, तेच मॉडेल, तेच खोकं, लिनक्सही तसंच छापलेलं. लावला आणि सीडी आलीच नाही! क्षणभर वाटलं, माझे ईमेल कोणीतरी वाचले. मग यादी पाहिली. आयडी ०बीडीए:ए८११. सी नाही, ए. म्हणजे आत ८८११एयू, वेगळीच जुनी चिप, जिचा आधार कर्नलमध्ये आला ६.१२ च्या नंतर. माझी कर्नल ६.१२. पुन्हा हुकलं! ज्याला सीडी आहे त्याला ड्रायव्हर आहे, ज्याला सीडी नाही त्याला ड्रायव्हर नाही. बॅकपोर्ट्समध्ये पुढची कर्नल आहे, भाच्याने ती लगेच टाकायची तयारी दाखवली, पण मी अडून बसले. एका मॉडेलच्या नावाखाली दोन चिप विकायच्या आणि जुळवून मी घ्यायचं, हे चालणार नाही.

हा प्रकार नवा नाही. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन लिनक्सवाल्यांमध्ये प्रसिद्ध झाला तो पहिल्या व्हर्जनमधल्या अथेरॉस एआर९२७१ मुळे. दुसऱ्या व्हर्जनपासून आत रिअलटेकची ८१८८ईयूएस आहे. पण तिथे निदान व्हर्जनचा आकडा छापलेला असतो. माझ्या दोन खोक्यांत मी भिंग घेऊन फरक शोधला. बारकोडसुद्धा सारखा.

घेणाऱ्यांना एवढंच सांगेन, दुकानात घेत असाल तर लिनक्सचा पेनड्राइव्ह (ज्यावरून मशीन लिनक्समध्ये सुरू करता येतं तो) घेऊन जा आणि तिथेच लावून आयडी बघा. म्हापशाच्या एका दुकानदाराने मला कुरकुरत का होईना, बघू दिलं. ऑनलाइन घेत असाल तर जिथे चिपचं नाव लिहिलंय तेच घ्या. थोडे जास्त पैसे टाकायची तयारी असेल तर मीडियाटेकची एमटी७६१२यू पाहा, ती ४.१९ पासून कर्नलमध्ये आहे. नुसतं २.४ पुरत असेल तर एमटी७६०१यू, तिचा ड्रायव्हर ४.२ पासून आहे, म्हणजे २०१५ पासून. घरच्या मशीनला म्हापशाहून तीच आणली. खोकं फोडून लावेपर्यंतच काय तो वेळ गेला, किंमतही पहिल्यापेक्षा कमी.

पहिल्या डोंगलला पाचपैकी साडेतीन. कापलेल्या दीडपैकी अर्धा खोक्यावरच्या थापांचा आणि पूर्ण एक सीडीचा. दुसरा परत पाठवलाय. ‘वापरलेली वस्तू’ म्हणून आधी नाकारला, मग दोन्ही आयडींचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून पाठवले तेव्हा मान्य केला. पैसे अजून खात्यात आलेले नाहीत. आले की इथेच खाली टाकते.