मॉलिक्युलर मॉडेल किट: घ्याच, पण पीरियॉडिक टेबल शेजारी ठेवून वापरा

मुलीची केमिस्ट्री सुरू झाली म्हणून हा गोळे-काड्यांचा किट (गोळा म्हणजे अणू, काडी म्हणजे दोन अणूंमधला बाँड) मागवला, आता नीट वापरून झालाय म्हणून लिहितेय. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा, सोबत आखूड कडक काड्या आणि डबल-ट्रिपल बाँडसाठी लांब वाकणाऱ्या.

खरी कमाल आहे ती गोळ्यांच्या भोकांची. कार्बनची संयुजा (म्हणजे अणू किती बाँड करतो) ४, ऑक्सिजनची २ हे पोरं नुसतं पाठ करतात, का ते कुणी सांगतच नाही. इथे पीरियॉडिक टेबल समोर ठेवायचं, कार्बन १४व्या गणात (उभ्या रकान्यात) म्हणजे बाहेरच्या कक्षेत ४ इलेक्ट्रॉन, अष्टकाला (बाहेरच्या कक्षेत ८ पूर्ण व्हायला) ४ कमी, म्हणून भोकं ४. ऑक्सिजन १६वा गण, २ कमी, भोकं २. क्लोरीनच्या कक्षांत इलेक्ट्रॉन २, ८, ७, एकच कमी, एकच भोक. हायड्रोजनला मुळात दोनच लागतात, त्याच्याकडे एक आहे, म्हणून त्यालाही एक.

मुलीने कार्बन डायऑक्साइड करताना आधी आखूड काड्या लावल्या, तर कार्बनची दोन भोकं रिकामी आणि दोन्ही लाल गोळ्यांचं एकेक. कुणी काही न सांगता तिने काड्या काढून वाकणाऱ्या लावल्या, डबल बाँड झाले आणि रेणू आपोआप सरळ रेषेत आला!! वहीत मिथेन अधिकच्या खुणेसारखा चपटा काढतात, इथे तो १०९.५ अंशांचा चौफेर फाकलेला हातात येतो. इथेन मधल्या एकाच काडीवर गरागरा फिरतं, इथीन डबल बाँडमुळे फिरत नाही, हे हाताला कळतं.

आता उणिवा. निळ्या गोळ्याला ४ भोकं आहेत, अमोनिया केला की एक उरतं, आणि मग आत्ताच शिकलेला नियम मोडल्यासारखा वाटतो. ते चौथं भोक म्हणजे नायट्रोजनची बाँडमध्ये न गेलेली इलेक्ट्रॉनची जोडी, तीच जोडी हायड्रोजन आयनला दिली की अमोनियम होतो, पण पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही, हे मला फार खटकलं. ऑक्सिजनच्या अशा दोन जोड्या तर दिसतच नाहीत, आणि पाण्याचा रेणू वाकतो तो त्यांच्यामुळेच (खरा कोन १०४.५). दुसरं, डबल बाँडच्या काड्या लांब म्हणून तो बाँडच लांब वाटतो, प्रत्यक्षात कार्बन-कार्बन सिंगल १५४ पिकोमीटर आणि डबल १३४, म्हणजे उलट. आणि एक काडी म्हणजे दोघांत वाटून घेतलेले २ इलेक्ट्रॉन, रसायनशास्त्रज्ञ लुईसने १९१६ मध्ये मांडलेली हीच कल्पना, ती पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर पोरांना अणूंच्या मध्ये खरंच दांडा असतो असं वाटतं.

मीठ यात करायला जाऊ नका, तिथे इलेक्ट्रॉन वाटून घेत नाहीत, सोडियम देऊन टाकतो.

क्वालिटी चांगली आहे, काड्या सुरुवातीला फार घट्ट जातात पण गोळा फुटला नाही. घेताना गोळे मोजा, ग्लुकोजला ६ काळे, ६ लाल आणि १२ पांढरे लागतात, लहान सेटमध्ये लाल हमखास कमी पडतात.