क्रेडिट कार्डाच्या तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल : सेवा कशी आहे, कुठे अडते

कार्ड बंद करा म्हणून सांगितल्यावरही वार्षिक फी लागते, न मागितलेला विमा स्टेटमेंटमध्ये दिसतो, बिल वेळेत भरूनही विलंब शुल्क येतं. बँक दाद देत नसेल तर जाण्याची जागा म्हणजे रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी ती सुरू झाली तेव्हा बँका, वित्त कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांच्यासाठीच्या तीन वेगवेगळ्या योजना तिच्यात विलीन झाल्या. फी लागत नाही. वकीलही लागत नाही, किंबहुना वकिलामार्फत केलेली तक्रार स्वीकारलीच जात नाही. सामान्य कार्डधारकासाठी याहून स्वस्त आणि सोपी सोय आज देशात नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण तक्रारीचा निकाल बराचसा लोकपालाकडे जाण्याआधीच ठरलेला असतो, कारण तो तुम्ही बँकेला पहिला अर्ज कसा लिहिलात यावर अवलंबून असतो.

पहिली तक्रार बँकेकडेच, लेखी करायची. कस्टमर केअरला दहा फोन केले तरी हातात कागद उरत नाही. ईमेल करा किंवा ॲपमधून तक्रार टाका आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. त्यानंतर ३० दिवस थांबायचं. उत्तर आलं नाही, तक्रार फेटाळली किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तरच लोकपालाचं दार उघडतं. उत्तर आल्यापासून एक वर्ष, आणि उत्तरच आलं नसेल तर तक्रार केल्यापासून एक वर्ष ३० दिवस, एवढी मुदत २०२१ च्या योजनेत दिली आहे. पुष्कळ जण बँकेला पाठवलेल्या ईमेलची प्रत लोकपालाला लावतात आणि तक्रार झाली असं समजतात. नुसती प्रत पाठवणं म्हणजे तक्रार नव्हे. विसाव्या दिवशीच अधीर होऊन लोकपालाच्या पोर्टलवर गेलात, तर अर्ज ‘अपात्र’ म्हणून परत येतो, आणि अशा शेऱ्यावर अपील नाही.

अर्जात राग कमी आणि नियम जास्त हवा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये कार्डांविषयी जे निर्देश काढले, त्यांत दाखवता येतील असे ठोस आकडे आहेत. थकबाकी नसलेलं कार्ड बंद करण्याची विनंती ७ कामकाजी दिवसांत पूर्ण व्हायला हवी. उशीर झाला तर बँकेने ग्राहकाला दररोज ५०० रुपये द्यायचे. बंद करण्याचा अर्ज पोस्टानेच पाठवा, असा आग्रह बँकेला धरता येत नाही. न मागता कार्ड देऊन बिल लावलं, तर ती रक्कम परत करून वर तिच्या दुप्पट दंड द्यायचा. विलंब शुल्क देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला तरच, आणि तेही उरलेल्या रकमेवरच लावता येतं. ४०,००० चं बिल आलं, त्यातले ३८,००० वेळेत भरले, तर शुल्काचा हिशोब २,००० वर व्हायला हवा. ही चूक स्टेटमेंट बारकाईने वाचल्याशिवाय सापडत नाही, म्हणून प्रत्येकाने ती एकदा तपासून पाहावीच.

‘माझी फसवणूक झाली, न्याय द्या’ एवढंच लिहिलं तर लोकपालाला पकडायला काही मिळत नाही. ‘अमुक तारखेला बंद करण्याची विनंती, अमुक क्रमांक, थकबाकी शून्य, इतके दिवस उशीर, प्रतिदिन ५०० प्रमाणे इतके रुपये’ असं लिहिलं की बँकेलाच उत्तर शोधावं लागतं. सोबत विनंतीचा ईमेल, शेवटचं स्टेटमेंट आणि बँकेचं उत्तर जोडा. बँकेने तक्रार फेटाळली असेल, तर ती अंतर्गत लोकपालाकडे (फेटाळलेल्या तक्रारी पुन्हा तपासण्यासाठी बँकेनेच नेमलेला अधिकारी) पाठवली होती का, हेही विचारा. मोठ्या बँकांवर ते बंधनकारक आहे.

लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करण्याच्या पोर्टलचं नाव सीएमएस. मोबाइलवर ओटीपी येतो, बँक निवडायची, तारखा आणि रक्कम भरायची, कागद जोडायचे. फॉर्म लांब आहे आणि मजकूर इंग्रजी वळणाचा आहे. गावाकडच्या ज्येष्ठांना तो एकट्याने भरता येईल असं वाटत नाही. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार केंद्राला टपालाने पत्र पाठवता येतं, आणि ते मराठीतही चालतं. माहितीसाठी १४४४८ हा निःशुल्क क्रमांक आहे.

सेवेची मर्यादा इथे येते : व्याजदर जास्त आहे, ही तक्रार लोकपाल ऐकत नाही. तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, तरीही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. व्याजाची तक्रार लोकपालाकडे चालत नाही, ही आम्हाला सगळ्यात मोठी उणीव वाटते, कारण किमान रक्कम भरत राहणाऱ्या माणसाचं खरं नुकसान इथेच होतं. मात्र न भरलेल्या शुल्कावर आणि करावर पुन्हा व्याज चढवणं नियमाविरुद्ध आहे, आणि ती तक्रार करता येते.

तेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात चालू असेल, तर लोकपाल हात लावत नाही. म्हणून आधी लोकपाल, नंतर आयोग, हा क्रम बरा. २०२१ च्या योजनेत नुकसानभरपाईची कमाल २० लाख आणि मनस्ताप व वेळेसाठी वेगळे १ लाखापर्यंत आहेत. बहुतेक प्रकरणं निवाड्यापर्यंत न जाता समेटात मिटतात; बँक फी परत करते, पण दिवसांचा दंड टाळू पाहते. तो हिशोब अर्जातच मांडलेला असेल तर समेटातही मागता येतो. आणि निवाडा तुमच्या बाजूने लागला, तर त्याची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत स्वीकृतीपत्र पाठवावं लागतं. ते गेलं नाही तर निवाडा रद्द होतो, तेव्हा अर्जात रोज उघडता तोच ईमेल द्या.